दुभंगलेली अस्मिता आणि वसाहतीचा वारसा : मुक्तिबोध बंधूंच्या निमित्ताने

प्रास्ताविक

वसाहतोत्तर कविता शिकवताना ‘दुभंगलेली अस्मिता’ ही संज्ञा आपण सर्वच शिक्षक वापरतो. विद्यार्थीही ती उत्तरपत्रिकेत लिहितात आणि गुण मिळवतात. परंतु ही संज्ञा ज्या कवितेच्या आधारे समजावली जाते ती कविता बहुधा एकच असते : डेरेक वॉलकॉट यांची ‘अ फार क्राय फ्रॉम आफ्रिका’. कविता मोठीच आहे, तिच्याविषयी तक्रार नाही. मात्र बालाघाटसारख्या सीमेवरील जिल्ह्यात उर्दू आणि मराठी हे दोन्ही विषय शिकवताना प्रस्तुत लेखकाला सतत जाणवत आले आहे की, या कवितेतला पेच विद्यार्थ्यांना कळतो, पण तो आपला वाटत नाही. एकदा वर्गात हा विषय निघाला असता एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, त्यांचे आजोबा गोरे होते म्हणून त्यांना त्रास झाला. आपलं तर तसं काही नाही ना?”

या मुलीच्या प्रवेश अर्जावर मातृभाषेच्या रकान्यात ‘उर्दू’ असे लिहिलेले होते. घरी आजीशी ती नागपुरी वळणाची मराठी बोलते, बाजारात हिंदी, आणि उर्दू ती मदरशात आणि नंतर माझ्या वर्गात शिकली. तिने खोटे लिहिले असे मला म्हणायचे नाही. रकाना एकच होता. तिच्या प्रश्नाला त्या दिवशी मला धड उत्तर देता आले नाही; सदर लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

वॉलकॉट यांचा पेच

वॉलकॉट यांचा जन्म १९३० मध्ये कॅरिबियन समुद्रातील सेंट लुशिया या लहानशा बेटावर झाला. त्यांचे दोन्ही आजोबा गोरे होते आणि दोन्ही आज्या आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशातल्या. बेटावरील बहुसंख्य लोक फ्रेंच वळणाची बोली बोलणारे आणि कॅथलिक. वॉलकॉट यांचे घर मात्र इंग्रजी बोलणारे आणि मेथडिस्ट. केनियात १९५२ नंतर माऊ माऊ उठाव आणि तो चिरडण्यासाठी ब्रिटिश सरकारने केलेली दडपशाही सुरू झाली, तेव्हा त्या रक्तपाताच्या बातम्यांवरून ही कविता लिहिली गेली. किकुयूंच्या हत्या आणि गोऱ्या वसाहतवाल्याच्या मुलाचा खून, ही दोन्ही दृश्ये कवी शेजारी शेजारी ठेवतो आणि कोणाचीच बाजू पूर्ण घेऊ शकत नाही. शेवटी तो स्वतःलाच विचारतो की, आफ्रिका आणि आपली लाडकी इंग्रजी भाषा यांतून निवड कशी करायची. या प्रश्नाला कवितेत उत्तर नाही.

येथे दुभंग दोन गोष्टींचा आहे : रक्ताचा आणि भाषेचा. राज्यकर्त्याची भाषा हीच कवीची जन्मभाषा असल्यामुळे दोन्ही एकाच देहात येतात. आपल्याकडे बहुतेक मार्गदर्शिका हाच साचा भारतीय कवितेवर ठेवतात. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मातृभाषा, मध्ये अडकलेला कवी. मग अरुण कोलटकर किंवा दिलीप चित्रे यांची नावे घेतली की प्रकरण संपले. पण कोलटकरांच्या बाबतीतही हा साचा नीट बसत नाही. ‘जेजुरी’ हा त्यांचा इंग्रजी संग्रह १९७६ चा, ‘अरुण कोलटकरच्या कविता’ १९७७ चा, ‘भिजकी वही’ २००३ ची. मराठी ‘जेजुरी’ तर त्यांच्या निधनानंतर पुस्तकरूपाने आली. दोन्ही भाषांत हा कवी मोकळेपणाने वावरला. वॉलकॉट यांच्यासारखी तडफड तेथे शोधणे म्हणजे कवितेवर आपला प्रश्न लादणे होय. आपल्याकडचा दुभंग वेगळ्या वाटेने आला आहे, आणि तो अधिक घरगुती आहे.

नोकरी आणि कविता

उर्दूच्या शिक्षकांना याचे पहिले उदाहरण हाताशीच सापडेल. अकबर इलाहाबादी (१८४६–१९२१) यांची विनोदी शायरी आपण शिकवतो. इंग्रजी शिक्षण, कोट-पतलून, कौन्सिलातील खुर्च्या, या सर्वांवर त्यांच्याइतका तिखट तंज दुसऱ्या कोणी केला नसेल. पण हेच अकबर इंग्रज सरकारच्या न्यायखात्यात सत्र न्यायाधीशाच्या पदापर्यंत पोहोचले होते, ‘खान बहादुर’ हा किताब त्यांच्या नावामागे होता आणि मुलाला त्यांनी शिकायला विलायतेला पाठवले होते. याला ढोंग म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. माझ्या मते त्यांची शायरी ढोंगातून आलेली नाही. ज्या यंत्राचे आपण चाक आहोत त्याच यंत्राचा आवाज ज्याला सहन होत नाही, अशा माणसाचे ते हसणे आहे. फैज अहमद फैज दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश हिंदी सैन्यात लेफ्टनंट कर्नल होते, आणि १९४७ च्या स्वातंत्र्याची पहाट डागाळलेली आहे असे म्हणणारी नज्मही त्यांचीच.

म्हणजे येथे कवीच्या रक्तात गोरा आजोबा असण्याची गरज नाही. दरमहा पगार पुरेसा असतो. आशिस नंदी यांनी १९८३ च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात वसाहतवादाला जिव्हाळ्यातला, घरातला शत्रू म्हटले ते याच अर्थाने. तो बाहेरून हाकलला तरी आत राहतो, कारण आपण त्याच्याकडून जगण्याची रीत घेतलेली असते.

रकाना, प्रांत आणि सीमा

दुसरी वाट भाषेच्या मोजणीची आहे. १८८१ च्या जनगणनेत मातृभाषा विचारली गेली. तोपर्यंत आपल्या भागातला माणूस ज्या कामाला जी भाषा लागे ती बोलत असे. आता त्याला एकच उत्तर द्यावे लागले. पुढे ग्रिअर्सन यांनी भाषांचे प्रचंड सर्वेक्षण केले (त्यातील मराठीचा खंड १९०५ चा), आणि ते काम अत्यंत मोलाचे असले तरी त्यानेही प्रत्येक बोलीला कोणत्या तरी एका घरात बसवले. याच काळात उर्दू मुसलमानांची आणि हिंदी हिंदूंची, अशी वाटणी उत्तर हिंदुस्थानात पक्की होत गेली. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला तेव्हा अशी वाटणी त्यांच्या आड आलेली दिसत नाही.

बालाघाट जिल्हा हेच याचे उत्तम उदाहरण आहे. इंग्रजांनी १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण केला आणि १८६७ मध्ये भंडारा, मंडला व सिवनी या तीन जिल्ह्यांचे तुकडे जोडून बालाघाट जिल्हा बनवला. भंडाऱ्याकडून आलेला भाग वैनगंगेच्या खोऱ्यातला, धानाच्या शेतीचा. तेथे मराठी, पोवारी, गोंडी आणि हिंदी अशा सगळ्याच भाषा नांदत होत्या आणि आजही थोड्याफार नांदतात. प्रांताची राजधानी नागपूर. तेथे हिंदी आणि मराठी दोन्ही चालत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. नागपूर आणि भंडारा मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. वारासिवनी किंवा लांजीच्या माणसासाठी गोंदिया बाजाराचे गाव राहिले. मुलाची शाळा मात्र कायमची हिंदी झाली.

राज्यपुनर्रचना चुकीची होती असे येथे म्हणायचे नाही. भाषेवर राज्ये करावीत ही मागणी लोकांची होती, आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी लोकांनी प्राण दिले. पण एक भाषा म्हणजे एक प्रदेश म्हणजे एक अस्मिता, हा विचार आपण ज्या रकान्यांतून शिकलो ते रकाने इंग्रजांनी आखलेले होते, एवढे लक्षात ठेवले पाहिजे.

एका घरातील दोन कवी

या पार्श्वभूमीवर मुक्तिबोध बंधूंकडे पाहावे. गजानन माधव मुक्तिबोध यांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे झाला. घर मराठी. वडील माधवराव संस्थानच्या पोलीस खात्यात, त्यामुळे सतत बदल्या. धाकटे भाऊ शरच्चंद्र यांचा जन्म १९२१ चा. थोरल्याने हिंदीत लिहिले, धाकट्याने मराठीत. गजानन माधव १९४३ च्या ‘तार सप्तक’ या अज्ञेय-संपादित संग्रहातील सात कवींपैकी एक. (त्या सातांपैकी प्रभाकर माचवे हेही मराठी मातृभाषेचे, ही गोष्ट आपण मराठीचे शिक्षक क्वचितच सांगतो.) शरच्चंद्रांचा ‘नवी मळवाट’ हा संग्रह १९४९ चा, ‘यात्रिक’ १९५७ चा, ‘क्षिप्रा’, ‘सरहद्द’ आणि ‘जन हे वोळतु जेथे’ ही त्यांची कादंबरीत्रयी, आणि ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या समीक्षाग्रंथाला १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

दोघेही मार्क्सवादाकडे झुकलेले, दोघांच्याही मनात मध्यमवर्गाविषयी तीच चीड. मग भाषा दोन का? याची घरगुती कारणे शोधत बसण्याचे कारण नाही. पण भाषेची सामाजिक जागा पाहावी लागते. माळव्यात मराठी ही शिंदे-होळकरांच्या दरबाराची, कारकुनांची आणि फौजदारांची भाषा होती. म्हणजे मराठी घर हे रयतेच्या दृष्टीने सरकारी घर, आणि संस्थान स्वतः इंग्रजांच्या छत्राखाली. फौजदाराच्या मुलाने रस्त्यावरच्या लोकांची भाषा लिहायला घेणे, यात घराचा उंबरठा ओलांडणे आहेच. त्याच वेळी मराठीत नव्या माणसासाठी नवी वाट शोधणे हाही एक उंबरठा ओलांडणेच होते. शरच्चंद्रांनी समीक्षेत ‘मानुषता’ हे मूल्य मांडले, ते दरबारी मराठीपासून फार दूरचे आहे.

गजानन माधव १९४८ पासून दहा वर्षे नागपुरात राहिले. माहिती खाते, आकाशवाणी, नंतर ‘नया खून’ हे साप्ताहिक. १९५८ मध्ये ते राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात प्राध्यापक झाले. तोपर्यंत नागपूर दुसऱ्या राज्यात गेले होते. राजनांदगाव तेव्हा मध्य प्रदेशात, आता छत्तीसगडमध्ये. शरच्चंद्रांची कर्मभूमी नागपूरच राहिली. अशा रीतीने एका आईची दोन मुले एका सीमेच्या दोन बाजूंना लिहीत होती.

विहिरीतला विद्वान आणि रात्रीची मिरवणूक

‘ब्रह्मराक्षस’ ही मुक्तिबोधांची कविता या विषयासाठी वॉलकॉट यांच्याआधी शिकवावी असे माझे स्पष्ट मत आहे. गावाबाहेरच्या ओसाड बारवेत, खोल पाण्यात, एका विद्वानाचे भूत राहते. ते रात्रंदिवस अंग घासत असते. कसला तरी मळ लागला आहे आणि तो निघत नाही. तोंडाने ते वेदातल्या ऋचांपासून मार्क्स, रसेल, टॉयन्बी, सार्त्र आणि गांधी यांच्यापर्यंत सगळ्यांची व्याख्याने करते. ज्ञान अफाट आहे. उपयोग शून्य. बारवेबाहेर कोणी ऐकायला नाही. आतले आणि बाहेरचे यांच्या पात्यांत हा माणूस दळला गेला, असे कवी म्हणतो आणि त्याचा शिष्य होऊन त्याचे अपुरे काम पुढे नेण्याची इच्छा व्यक्त करतो.

आपल्यापैकी प्रत्येकाने, विशेषतः ज्यांच्या कपाटात संदर्भग्रंथ आहेत आणि वर्गात सात मुले आहेत त्यांनी, ही कविता वाचून आरशात पाहिल्यासारखे दचकावे, अशी ती आहे. येथे कोणी गोरा शत्रू नाही. इंग्रजांनी घडवलेला सुशिक्षित माणूस आहे. त्याला दोन्ही परंपरा पाठ आहेत आणि एकीतही तो जगू शकत नाही. ‘क्लॉड ईथरली’ या त्यांच्या कथेतही हाच सूर आहे : सत्ताधारी देश नकाशावर दूर असला तरी सुशिक्षितांच्या मनात त्याची एक वसाहत टिकून राहते.

‘अँधेरे में’ या दीर्घ कवितेत तर हा संघर्ष थेट रस्त्यावर येतो. मुक्तिबोध ११ सप्टेंबर १९६४ रोजी वारले. कविता त्यानंतर हैदराबादच्या ‘कल्पना’ मासिकात नोव्हेंबर १९६४ मध्ये छापून आली आणि ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ या संग्रहात समाविष्ट झाली. मध्यरात्री शहरातून एक मिरवणूक जाते. बँड, सैनिक, रणगाडे. आणि त्यांच्यासोबत चालणारे विचारवंत, कवी, मंत्री, उद्योगपती, पत्रकार. त्यातच शहराचा कुख्यात खुनी डोमाजी उस्ताद. निवेदक हे पाहतो, आणि पाहिले हाच त्याचा गुन्हा ठरतो. पुढे टिळकांच्या पुतळ्याच्या नाकातून रक्त वाहू लागते, अंधारात बसलेले गांधीजी त्याच्या हाती एक मूल देतात. ते मूल खांद्यावर असतानाच सूर्यफुलांचा गुच्छ होते आणि मग बंदूक.

मराठी वाचकाला येथे दोन गोष्टी अधिक दिसतात. ‘डोमाजी’ हे नाव आपल्याकडचे, विदर्भातले आहे. दिल्लीच्या वाचकाला ते फक्त विचित्र वाटेल. आणि नागपूरच्या महालात टिळकांचा पुतळा आहे. हिंदी कविता, पण तिच्या पायाखालची माती नागपूरची. स्वातंत्र्य मिळून काही वर्षे झाली तरी रात्रीच्या रस्त्यावर बँड आणि संगिनी त्याच, फक्त मागे चालणारे आपले लोक. हा या कवितेतील वसाहतोत्तर अनुभव आहे, आणि तो ओळखायला कोणत्याही पाश्चात्त्य सिद्धान्ताची गरज पडत नाही.

कवीला याचा प्रत्यक्ष अनुभवही आला. पाठ्यपुस्तक म्हणून लिहिलेल्या त्यांच्या ‘भारत : इतिहास और संस्कृति’ या पुस्तकावर १९६२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने बंदी घातली. पुस्तकावर बंदी घालण्याचे हत्यार इंग्रज सरकारचे, वापरणारे सरकार मात्र लोकांनी निवडलेले. राजनांदगावच्या एका प्राध्यापकाला ते किती लागले असेल हे पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्या आपल्या व्यवसायबंधूंना वेगळे सांगायला नको.

विभागांच्या भिंती

आता आपल्याविषयी. हिंदी विभाग गजानन माधव शिकवतो, मराठी विभाग शरच्चंद्र. दोघांना शेजारी ठेवून वाचणारा वर्ग मी स्वतः विद्यार्थी असताना पाहिला नाही. १९५६ ची रेघ नकाशावर जेथे आहे तेथेच ती आपल्या वेळापत्रकातही आहे. इंग्रजीचा शिक्षक सेंट लुशियाच्या कवीचा दुभंग तासभर समजावतो, आणि शेजारच्या दोन वर्गखोल्यांत एकच घर मधोमध चिरून शिकवले जाते, हे आपल्याला खटकत नाही.

उर्दू विभागही यातून सुटत नाही. शाहीर अमर शेख (१९१६–१९६९), मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, बार्शीचे. गिरणी कामगारांच्या आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या आवाजावर हजारो माणसे जमत. उर्दूत ते शिकवले जात नाहीत, कारण ते मराठीत लिहीत; मराठीत ते ‘शाहिरी’च्या एका परिच्छेदात आटोपतात. मुसलमान आणि मराठी कवी हे दोन्ही शब्द एकत्र म्हणायला आपली जीभ अडखळते. १९९० मध्ये सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन फ. म. शहाजिंदे यांच्या अध्यक्षतेखाली झाले, ते या अडखळण्याला दिलेले उत्तर होते. अशा वेगळ्या संमेलनाची गरज काय, असे विचारणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. मला वाटते, प्रश्न उलटा विचारावा : ज्या मुलाने मराठीत लिहिले आणि अर्जावर उर्दू भरले, त्याला बसायला दुसरी कोणती जागा आपण दिली?

देशीवादाकडूनही येथे पूर्ण मदत मिळत नाही. भालचंद्र नेमाडे यांनी इंग्रजीच्या वर्चस्वाविरुद्ध जे मांडले ते आवश्यक होते (आणि मांडणारे स्वतः आयुष्यभर इंग्रजीचे प्राध्यापक होते, हेही आपल्या विषयाला धरूनच आहे). परंतु ‘देशी’ म्हणजे कोणते, हे वैनगंगेच्या काठावर ठरवणे कठीण जाते. पोवारी बोलणाऱ्या मुलासाठी हिंदी देशी की मराठी? माझ्या त्या विद्यार्थिनीसाठी उर्दू देशी की परकी? येथे एक मूळ शोधून त्यावर उभे राहण्यापेक्षा सगळी मुळे मोजून घेणे बरे.

अध्यापनातील एक प्रयोग

गेल्या दोन सत्रांत मी पुढीलप्रमाणे करून पाहिले. पहिल्या तासाला विद्यार्थ्यांना आपण कोणाशी कोणती भाषा बोलतो, हे नावे घालून लिहायला सांगितले : आजी, वडील, दुकानदार, बँकेतला कारकून, स्वप्नात, भांडताना. एकाही कागदावर एकच भाषा आली नाही. दुसऱ्या तासाला ‘ब्रह्मराक्षस’ मूळ हिंदीत वाचली आणि तिचा अर्थ मराठीत सांगितला. तिसऱ्या तासाला शरच्चंद्रांच्या दोन कविता, चौथ्याला अकबर. वॉलकॉट अगदी शेवटी, इंग्रजीच्या सहकाऱ्यांना वर्गात बोलावून.

अडचणी आल्या. हिंदी कविता मराठीच्या तासाला का, अशी विचारणा झाली. परीक्षेत हे येणार नाही म्हणून काही मुले उठून गेली. बारवेचे पाणी आणि घासून न निघणारा मळ मुलांना लगेच कळला, पण कवी स्वतःलाच त्या भुताचा शिष्य का म्हणवतो, यावर बराच वाद झाला आणि तो मिटला नाही. मात्र शेवटच्या तासाला वॉलकॉट वाचून झाल्यावर लेखाच्या आरंभी जिचा उल्लेख केला ती विद्यार्थिनी म्हणाली की, या कवीला निदान दोनच होते. मग तिने आपला पहिल्या तासाचा कागद परत मागून घेतला आणि ‘भांडताना’ या शब्दापुढे आधी लिहिलेले ‘हिंदी’ खोडून तेथे ‘मराठी, आजीची’ असे लिहिले.